आधी भाकर, मग बाकीचं : केडगावच्या पंडिता रमाबाई

ज्यांनी हा भाग कानात हेडफोन घालून ऐकला त्यांचे आभार. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना मी जिथे अडखळले तिथली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोलले तसंच ठेवलंय.

मागे जो आवाज येत होता तो पाण्याचा. हा भाग मी आमच्या गावच्या घाटावर बसून रेकॉर्ड केला. गाव नीरा नरसिंहपूर, तालुका इंदापूर. पुणे जिल्ह्याचं अगदी शेवटचं टोक. एका बाजूनं नीरा येते, दुसऱ्या बाजूनं भीमा, आणि इथे दोघी एक होतात. पलीकडे बघितलं की सोलापूर जिल्हा. वर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. प्रल्हादानं इथे वाळूची मूर्ती केली अशी गावाची कथा आहे. त्यामुळे कीर्तन, प्रवचन, पोथी, पारायण यांची आमच्याकडे कधीच कमी नसते. शब्द भरपूर.

आणि माझी आजी शब्दांवर फारसा विश्वास ठेवत नाही.

मध्ये एका पावसाळ्यात नदीला पाणी चढलं होतं. खालच्या अंगाच्या घरांत पाणी शिरलं. मी तेव्हा पुण्यात. फोटो आले तसे मी स्टेटसला टाकले, चार ग्रुपवर पाठवले, हात जोडलेली चिन्हं टाकली. रात्री आजीला फोन केला आणि म्हटलं, "आजी, मी सगळीकडं टाकलंय." आजी म्हणाली, "टाकलंस म्हंजी? कुणाला काय पोचलं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

आजीनं बहात्तरचा दुष्काळ बघितलाय. तेव्हा ती विशीत होती, रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी, लाल मिलो, टँकरपुढची रांग, हे सगळं ती आजही कालचं असल्यासारखं सांगते. आणि त्या काळातल्या माणसांची तिची यादी एकाच हिशेबानं लागलेली आहे. "बोलणारे लई होते. भाकर कुणी दिली ती ध्यानात ऱ्हाती."

आजचा भाग आजीच्या या हिशेबात बसणाऱ्या एका बाईबद्दल आहे. तिचं काम आमच्या गावापासून शंभरेक किलोमीटरवर उभं राहिलं. तुम्ही सोलापूर रोडनं पुण्याला जाता तेव्हा चौफुला लागतं. तिथून जरा आत केडगाव. केडगावला मुक्ती मिशन आहे, आजही चालू आहे. मी कॉलेजला असताना शंभर वेळा त्या फाट्यावरून गेले असेन. आत कधी वळले नाही.

त्या मुक्तीची स्थापना पंडिता रमाबाईंनी केली.

नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळेत एक परिच्छेद असतो: विदुषी, समाजसुधारक, शारदा सदन, पुढचा धडा. माझ्या एका मित्राला मी सांगितलं की यांच्यावर भाग करतेय. तो पटकन म्हणाला, "ती ख्रिश्चन झाली ना? मुलींना पण केलं ना? मग ती सेवा कसली?" प्रश्न खोडसाळ नाही. तो त्यांच्या हयातीतही विचारला गेला, पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांनी विचारला. म्हणून तो टाळायचा नाही. पण आधी गोष्ट तर ऐकू.

अठरा हजार श्लोक आणि उपाशी घर

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे संस्कृत पंडित. आज कर्नाटकात असलेल्या सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांचा आश्रम होता. त्या काळी बाईनं संस्कृत शिकणं म्हणजे पाप. अनंतशास्त्रींनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. आणि लक्ष्मीबाईंनी मुलीला. पहाटे उठून तोंडी पाठ. भागवत पुराण परंपरेनं अठरा हजार श्लोकांचं मानतात. ते या मुलीनं लहानपणीच पाठ केलं होतं.

पुढे घर मोडलं, पैसा संपला, आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला, पायी. देवळात, घाटावर बसायचं, पुराण वाचायचं. लोक ऐकतील, दक्षिणा देतील, त्यावर गुजराण. आमच्या नरसिंहपुरासारख्या ठिकाणी अशी पुराणिक मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहेत, त्यामुळे मला हे चित्र डोळ्यांसमोर आणायला वेळ लागत नाही. घाटाच्या पायरीवर पोथी, समोर थोडे तांदूळ, चार पैसे. मागे बसलेली लहान मुलगी.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. साल १८७४ च्या आसपासचं. हे कुटुंब तेव्हा मद्रास इलाख्यात फिरत होतं. होतं नव्हतं ते देवाला वाहिलं, ब्राह्मणांना दान दिलं, नवस बोलले, उपास केले. पुण्य गाठीला असलं की देव पावतो असं शास्त्रात होतं आणि शास्त्र तर तोंडपाठ होतं. पण खायला काही नव्हतं. मजुरी करायची तर जातीची लाज आड यायची, आणि हात कष्टाला कधी लागलेले नव्हते. पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले. पाठोपाठ आई गेली. पुढे मोठी बहीणही गेली. आईला खांदा द्यायला माणसं पुरेनात. उंची कमी म्हणून रमाबाईंनी आपल्या वाटणीचा तो भार डोक्यावर घेतला, असं त्यांच्या चरित्रांत येतं.

सोळा वर्षांची मुलगी. पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ मला इथे दिसतं. पवित्र शब्द सगळे जवळ होते, आणि माणसं भुकेनं मेली. हे ती कधी विसरली नाही.

उरले ती आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत चालत उत्तरेला गेले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. देशभर नाव झालं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी तिनं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. १८८१ मध्ये मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला.

वय तेवीस. विधवा, पदरात तान्ही मुलगी, माहेरचं कोणी उरलेलं नाही. अशी ती पुण्यात आली.

लंडनमधली ती भेट

पुण्यात आल्या आल्या कामाला लागली. आर्य महिला समाज काढला, "स्त्रीधर्मनीति" हे पुस्तक लिहिलं, सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली की मुलींना शिकवायला बायका शिक्षक पाहिजेत आणि बायकांसाठी बायका डॉक्टर पाहिजेत. स्वतः डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. पण कानांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे डॉक्टरकीचा नाद सोडावा लागला. ती वाँटेज गावी जोगिणींच्या मठात राहात होती.

आता इथे नीट लक्ष द्या. आपल्याला वाटतं माणूस धर्म बदलतो तो वादविवादात हरून, नाहीतर पुस्तक वाचून. रमाबाईंशी वाद घालून जिंकणं सोपं नव्हतं. कलकत्त्याच्या पंडितांना ते जमलं नव्हतं. तिच्या बाबतीत झालं ते वेगळंच.

याच जोगिणींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. ज्या बायकांना समाजानं "वाया गेलेल्या" म्हणून टाकून दिलेलं, अशा बायका तिथे राहायच्या. रमाबाई ते घर बघायला गेली. तिनं काय बघितलं? त्या बायकांना कोणी हिणवत नव्हतं. त्यांची शुश्रूषा होत होती, त्यांना कामं शिकवली जात होती, आणि सुधारलेल्या बायका स्वतःच दुसरींची सेवा करत होत्या. आपल्याकडे अशा बाईला शास्त्रानं काय शिक्षा सांगितली आहे ते रमाबाईला पाठ होतं. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता?

तेव्हा एका जोगिणीनं तिला शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी एकटीच विहिरीवर पाण्याला आलेली, परक्या जातीची, पाच नवरे झालेली बाई. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीनं बोलत बसतो.

क्रम बघा. आधी ते घर, मग प्रश्न, मग गोष्ट. शब्द सगळ्यात शेवटी आले, आणि ते पटले कारण कृती आधी डोळ्यांनी बघितली होती. २९ सप्टेंबर १८८३ ला तिनं मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण याचा अर्थ ती कोणाच्या मुठीत गेली असं नाही. मठातल्या वडीलधाऱ्या जोगिणींशी तिचा पत्रांतून कडाक्याचा वाद चालायचा. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं म्हणून मी एखादी गोष्ट मानणार नाही, असं तिनं त्यांना स्पष्ट कळवलं. एका पुरोहितशाहीतून मोठ्या कष्टानं सुटले, आता दुसरीत अडकायचं नाही, हा तिचा सूर. इकडे महाराष्ट्रात बहुतेक सगळे तिच्यावर तुटून पडले होते. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये "सत्सार"मधून तिची बाजू घेतली.

उघडं दार

१८८६ मध्ये ती अमेरिकेला गेली. निमित्त आनंदीबाई जोशींचा डॉक्टरकीचा पदवीदान समारंभ. तिथे तिनं उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली, आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दहा वर्षं पैसे पुरवू, असा त्यांचा शब्द.

परत येऊन ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं. बालविधवांसाठी घर आणि शाळा. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. सुरुवातीलाच दाखल झालेली एक विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी, देवरुखकडची. हीच पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाली. ती ख्रिस्ती झाली नाही. आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये जो अनाथ बालिकाश्रम काढला, जो पुढे हिंगण्याला वाढला, त्याच्या उभारणीत बायांनी दारोदार वर्गणी गोळा करण्यापासून बाळंतपणं करण्यापर्यंत सगळं केलं.

शारदा सदनाचा नियम होता, धर्म शिकवायचा नाही. मुलींनी आपापलं सोवळं पाळावं, आपला देव पुजावा. रमाबाई स्वतः आपल्या खोलीत प्रार्थना करायची. मात्र दार उघडं ठेवून. मुली येऊन बसायला लागल्या. एवढ्यावरून आग लागली. "केसरी"नं टीका केली. रानडे, भांडारकर यांच्यासारखे, ज्यांनी तिला आधार दिला होता, तेही १८९३ मध्ये सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या.

माझ्या मित्राचा प्रश्न इथे उभा राहतो. मी प्रामाणिकपणे सांगते, मला दोन्ही बाजू दिसतात. रमाबाई म्हणत होती, माझ्या घरात मी माझ्या देवाचं नाव घेणार, चोरून घेणार नाही. बरोबर आहे. आणि पालकांना वाटत होतं, जी बाई आमच्या मुलीला आईसारखी झाली आहे, तिचं उघडं दार हेसुद्धा एक बोलावणंच आहे. तेही अगदीच खोटं नाही. लहान मुलीवर प्रेम करणाऱ्या माणसाचं वजन तिच्यावर पडतंच.

हा वाद तसाच राहिला असता. पण तीन वर्षांनी दुष्काळ आला.

१८९७

१८९६ ला पाऊस गेला. मध्य प्रांतात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशाकडे, माणसं किड्यामुंग्यांसारखी मरायला लागली. सरकारनं दुष्काळी छावण्या, गरीबघरं उघडली होती. तिथे एकट्या पडलेल्या मुलींचं काय होत होतं हे ऐकून रमाबाई अस्वस्थ झाली. हातात पैसा फारसा नव्हता, सदन होतं तेवढंच कसंबसं चाललं होतं. पण तिला स्वतःचा दुष्काळ आठवत होता. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी ती स्वतः त्या मुलींच्या जागी होती.

ती गेली. स्वतः गेली, माणूस पाठवला नाही. छावण्यांमध्ये हिंडली आणि मुली गोळा करून आणायला लागली. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली. उवा झालेल्या, खरजेनं भरलेल्या, हाडांचे सापळे. कित्येकींना चोरून खायची सवय लागलेली, कारण तशीच त्या जगल्या होत्या. अशा मुलींना आंघोळ घालणं, डोकी भादरणं, पोट बिघडू नये म्हणून थोडं थोडं भरवणं. हे काम कोणी केलं? सदनातल्या त्या उच्चवर्णीय विधवा मुलींनी. ज्यांना काल-परवापर्यंत दुसऱ्या जातीच्या माणसाची सावली चालत नव्हती.

आणि त्याच वेळी पुण्यात प्लेग. शहरात एवढ्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावला तिनं आधीच शंभरेक एकर जमीन घेऊन ठेवली होती, फळबागेचं उत्पन्न सदनाला मिळावं म्हणून. तिथे घरं नव्हती. तरी मुलींना तिथे नेलं. भर उन्हाळ्यात झाडाखाली, तंबूत, गवताच्या छपराखाली. विहिरी खोदल्या. त्या वसाहतीला नाव दिलं मुक्ती.

प्लेगच्या छावणीतला कारभार किती वाईट आहे, तिथे बायकांची काय अवस्था होते, यावर मे १८९७ मध्ये तिनं "बॉम्बे गार्डियन"मध्ये जाहीर पत्र लिहिलं. ख्रिस्ती झाली म्हणजे इंग्रज सरकारची झाली, असं ज्यांना वाटत होतं त्यांना हे पत्र अडचणीचं होतं. सरकारलाही होतंच.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना उचलून आणत होत्या. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोचवलं, त्यातून त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सावित्रीबाई सत्यशोधक. रमाबाई ख्रिस्ती. कर्वे हिंदूच राहिलेले. तिघांच्या देवाबद्दलच्या कल्पना अगदी वेगळ्या. पण १८९७ साली तुम्ही पुण्यातली एखादी टाकून दिलेली मुलगी असतात, तर या तीनच्या तीन दारांवर तुम्हाला कोणी जात विचारली असती असं मी म्हणणार नाही, कर्व्यांचा आश्रम सुरुवातीला ब्राह्मण विधवांपुरताच होता. पण दार उघडणारी माणसं शहरात अशी बोटांवर मोजण्याएवढीच होती. आणि त्यांच्यावर टीका करणारी वर्तमानपत्रं भरपूर.

दोन हजार ताटं

१८९९-१९०० ला पुन्हा दुष्काळ, या वेळी गुजरात-राजपुतान्याकडे जास्त. पुन्हा केडगाव स्टेशनवर मुलींनी भरलेले डबे उतरले. १९०० च्या सुमारास मुक्तीतली माणसं दोन हजारांच्या जवळ पोचली होती.

आपण "दोन हजार" असं चटकन म्हणतो. जरा थांबा. दोन वेळची चार हजार ताटं. ज्वारी दळायची, सरपण आणायचं, पाणी शेंदायचं, दोन हजार अंगांवरचं कापड. म्हणून मुक्तीत प्रत्येकीला काम होतं. शेती, गाईगुरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, धोबीकाम, छापखाना. आणि त्याबरोबर सकाळ-दुपार शाळा. ज्या मुलीला कोणी नाही, तिच्या हातात धंदा असला पाहिजे, हे तिचं साधं गणित. आपल्या वडिलांच्या घरात विद्या होती पण कष्टाची सवय नव्हती, आणि त्यानं काय झालं, ते तिनं बघितलं होतं ना.

१८९९ मध्ये कृपा सदन निघालं, फसवल्या गेलेल्या, टाकलेल्या बायकांसाठी. म्हणजे फुलहॅमचं ते घर आता केडगावात. म्हाताऱ्या, अपंग बायकांसाठी प्रीती सदन. मनोरमेनं ब्रेल लिपी शिकून घेतली आणि अंध मुलींना शिकवली. त्यातल्या काही जणी पुढे इतर मुलींना शिकवायला लागल्या.

आता मित्राचा प्रश्न पुन्हा. अमेरिकेतल्या असोसिएशनची दहा वर्षं संपल्यावर, १८९८ नंतर, रमाबाईनं तटस्थतेचा नियम सोडला. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. प्रार्थना, बायबल, बाप्तिस्मा. १९०५ मध्ये तर तिथे प्रार्थनेची अशी लाट आली की मुली तासन्‌तास रडत, मोठ्यानं प्रार्थना करत. हे लपवून रमाबाईची गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल. शाळेतला तो परिच्छेद बहुतेक हेच करतो, विदुषी ठेवतो आणि ख्रिस्ती बाई गाळतो.

मग सेवा कसली? माझं उत्तर असं. जिला भुकेच्या तोंडातून कोणी ओढून काढलं, ती आठ वर्षांची मुलगी त्या माणसाच्या देवाला नाही म्हणायला खरंच मोकळी असते का? मला वाटतं, पूर्ण मोकळी नसते. हा प्रश्न रमाबाईच्या कामावर राहणारच आणि तो राहावा. पण ज्यांनी तो तेव्हा विचारला, त्यांच्यातले किती जण त्या गरीबघराच्या दारापर्यंत गेले होते? मुलगी कोणत्या धर्मात गेली हे मोजायला आधी ती जिवंत राहायला हवी होती.

येशूचा एक दृष्टांत आहे, शेवटच्या निवाड्याचा. त्यात राजा माणसांना वेगवेगळं करतो. आणि विचारतो काय? कोणती प्रार्थना म्हटली, कोणता उपास धरला, हे विचारत नाही. भुकेल्याला जेवायला दिलंत का, उघड्याला कापड दिलंत का, आजाऱ्याला भेटलात का, एवढंच. ज्यांनी दिलं त्यांना आपण राजालाच दिलं हे माहीतसुद्धा नसतं. रमाबाईनं ही परीक्षा पहिल्यांदा आपल्या बापजाद्यांच्या धर्माला लावली, मग इंग्लंडच्या चर्चला लावली, आणि मग स्वतःला. तिसरी परीक्षा सगळ्यात अवघड. ती पंचवीस वर्षं चालली.

शब्दांकडे परत

गंमत अशी की ही बाई शेवटी शब्दांकडेच परत आली. उतारवयात तिनं अख्खं बायबल मराठीत आणायचं काम हाती घेतलं. आधीच्या भाषांतरांची मराठी तिला पंडिती वाटायची. ती स्वतः संस्कृतची पंडिता, पण तिचं म्हणणं, केडगावच्या शेतात खुरपणाऱ्या बाईला कळलं पाहिजे. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकली. साध्या शब्दांसाठी अडून बसली. खिळे जुळवायचे, छपाई करायची ते मुक्तीतल्या मुलींनी, ज्यांना कधीकाळी अक्षरओळख नव्हती.

१९१९ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, ऐन चाळिशीत. जिच्या हातात सगळं सोपवायचं ठरलं होतं, तीच. रमाबाई तरी त्या भाषांतराचं काम करत राहिली. ५ एप्रिल १९२२ ला ती केडगावलाच वारली. संपूर्ण बायबल छापून बाहेर आलं १९२४ मध्ये.

अठरा हजार श्लोक पाठ असलेली मुलगी शब्दांनी वाचली नव्हती. म्हणून तिनं आधी विहिरी खोदल्या, घाणे बसवले, चुली पेटवल्या. आणि त्यानंतर, शेवटी, शब्द. तेसुद्धा खुरपणाऱ्या बाईला कळतील असे.

आजीचा प्रश्न

हे सगळं मी काल रात्री आजीला सांगितलं. तिला पंडिता, सरस्वती, बॉस्टन यात काही रस नव्हता. ख्रिस्ती झाली म्हटल्यावर जरा गप्प बसली. मग मी तीनशे मुलींचं सांगितलं, झाडाखालच्या वस्तीचं सांगितलं. तेव्हा तिनं विचारलं, "दोन हजार माणसाला धान्य कुठनं आणायची? दळायला कोण बसायचं?"

मी म्हटलं, पैसे बाहेरून यायचे, आणि दळायला मुलीच.

आजी म्हणाली, "आणि ही बाई कुठं बसायची जेवायला?"

मी म्हटलं, त्यांच्यातच. अगदी साधं राहायची, पांढरं लुगडं, मुलींबरोबर.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग खरी हाय."

आज सकाळी घाटावर आले तर खालच्या अंगाच्या त्याच घरांपाशी मी पहिल्यांदा जाऊन आले. ज्यांचे फोटो मी टाकले होते ती घरं. एका भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याची मातकट रेघ अजून आहे. आत एक काकी होत्या, त्यांनी आत बोलावलं, चहा ठेवला. मी विचारलं, तेव्हा काय लागत होतं? त्या म्हणाल्या, "पिण्याचं पाणी, आणि ल्हान पोरांना कोरडी कापडं. बाकी झालं गं कसंतरी." दोनच वस्तू. मी विचारलं असतं तर तेव्हाही कळल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात पुण्याला परत जाताना चौफुल्याला उतरून केडगावला जाणार आहे. फाट्यावरून बघण्याऐवजी आत. तिथे काय दिसलं ते पुढच्या भागात सांगेन. तोवर तुमच्या घरात, गावात दुष्काळ बघितलेलं कोणी असेल तर त्यांना एकच प्रश्न विचारा: तेव्हा भाकर कुणी दिली होती? उत्तर रेकॉर्ड करा, मला पाठवा.

भेटू.